सुधीरच्या बँडवर आमचा प्रभाव

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
लेकीने, निशिगंधाने, दिवाळीत दिलेली डायरी आज उघडली. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले, पण चांगल्या कामाची सुरुवात सोमवारी करावी, आणि मागच्या सोमवारी कंबर धरली होती.
निमित्त असं. आमच्या मराठी वाचनालयाचे सेक्रेटरी हणमंतराव काल भाजी घेताना भेटले. मधुमेहावर बोलणारे डॉक्टर नातवाकडे निघून गेले, महिन्याच्या व्याख्यानाला माणूसच मिळेना म्हणे. मी जागच्या जागी विषय दिला. एकाच काळातल्या प्रसिद्ध रॉक बँड्सचा एकमेकांवर प्रभाव पडला का? हणमंतरावांनी कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, हौ, चालतंय, तेवीस तारीख रिकामीच आहे.
संकल्प: रोज चार पानं लिहिणे. रोज अर्धा तास गिटार. रोज चालणे. साखर बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गिटार माळ्यावर. शिडी शेजाऱ्यांकडे. शेजारी तिरुपतीला.
लेखन: शीर्षक झालं. सुवाच्य आलं आहे.

५ नोव्हेंबर. दुपारी
आज विषयाची मांडणी डोक्यात पक्की बसली. पहिला भाग जगाचा. बीटल्स आणि बीच बॉईज एकमेकांच्या रेकॉर्ड्स ऐकायचे आणि चिडून पुन्हा स्टुडिओत जायचे. रोलिंग स्टोन्सना तर सुरुवातीला बीटल्सनीच एक गाणं देऊन टाकलं होतं. हे सगळं पुस्तकांत आहे, कुणीही सांगेल.
दुसरा भाग मात्र फक्त मीच सांगू शकतो. हैदराबाद, १९८७. आमचा बँड 'द ग्रॅनाइट्स' आणि सुधीरचा 'डेक्कन थंडर'.
सुधीर आणि मी पाचवीपासून नारायणगुड्याच्या मराठी शाळेत एका बाकावर. एका डब्यात जेवायचो. कॉलेजं वेगळी झाली, बँड वेगळे झाले, मैत्री तीच राहिली. मग इंटर-कॉलेज कॉम्पिटिशन आली. डेक्कन थंडर आमच्या आधी स्टेजवर गेले आणि आमचंच गाणं वाजवलं. गाणं इंग्लिश होतं, त्यामुळे ते माझं होतं असं मी म्हणत नाही. पण मूळ गाण्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजवणं, तिसरं कडवं गाळणं आणि गिटारचा सोलो ऐन रंगात आल्यावर खाडकन थांबणं, या तिन्ही कल्पना माझ्या होत्या. तिन्हीच्या तिन्ही त्यांनी उचलल्या. नंतर आम्ही वाजवलं तर परीक्षक म्हणाले, तुम्ही डेक्कन थंडरची नक्कल करता. पहिलं बक्षीस त्यांना.
त्या दिवसापासून सुधीरशी बोललो नाही. अडतीस वर्षं झाली. त्यालाही मनातून माहीत असणार, नाहीतर एकदा तरी तोंड दाखवायला आला असता.
प्रभाव पडला का? पडला. कुणाचा कुणावर, एवढंच तेवीस तारखेला सिद्ध करायचं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
इंदुमतीने विचारलं, व्याख्यान सुधीरभावजींबद्दलच आहे ना? मी सांगितलं की विषय जागतिक आहे. ती म्हणाली, लग्नाला चौतीस वर्षं झाली, दर वर्षी हे ऐकते आहे, ते गृहस्थ दिसतात कसे तेही अजून माहीत नाही, एकदाचं चार लोकांत बोला आणि मोकळे व्हा, उगीच परेशान होऊ नका. याला मी पाठिंबा समजतो.
चालणं: गेटपर्यंत. कुत्रं बसलं होतं.

११ नोव्हेंबर
शेजारी आले, शिडी आली, गिटार आली. सहापैकी दोन तारा गायब, उरलेल्या गंजलेल्या. तरी हातात घेतल्यावर सगळं आठवलं. साधारण चार मिनिटं. मग बोटाला चीर पडली.
कलाकाराने हात जपले पाहिजेत. गिटार तेवीसनंतर.
साखर: बोट दुखत असल्यामुळे चहात एक चमचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.३०
हणमंतरावांचा फोन. आमच्या वाचनालयात अध्यक्षाशिवाय व्याख्यान होत नाही. स्थापनेपासूनची पद्धत आहे. वक्ता आला नाही तरी निभावतं, अध्यक्ष लागतोच. अध्यक्षाला विषयातलं काही कळलं पाहिजे अशी अट नाही, शेवटी दोन शब्द बोलावे लागतात. पण या वेळी योगायोगाने तुमच्याच क्षेत्रातले गृहस्थ मिळाले, असं ते फार आनंदाने म्हणाले. सुधीर म्हणून आहेत, रिटायर झाल्यावर यंदाच मेंबर झाले, नारायणगुड्याला राहतात, तुमचं नाव ऐकून लगेच हो म्हणाले.
मी म्हटलं, उत्तम.
बीपी १५४/९६.

१३ नोव्हेंबर. दुपारी ४
विचार केला. हे चांगलंच झालं. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर असलेला बरा. सुधीरची नारायणगुड्याची गल्ली टाळण्यासाठी मी काचीगुड्यातल्या घरून इतकी वर्षं लांबून जातो. आता त्याने माझ्याकडे यायचं आहे. लगेच हो म्हणाला, म्हणजे मनात टोचत असणार.
लेखन: शेवटचं पान आधी लिहून काढलं. फार जोरदार झालं आहे. मधली पानं नंतर भरता येतील.

१५ नोव्हेंबर
पुराव्याशिवाय बोलणं मला आवडत नाही. सिंचन खात्यात हयात गेली, प्रत्येक गोष्टीला कागद लागतो. ज्या कॅसेटवरून आम्ही ते गाणं बसवलं, ती बिस्किटांच्या डब्यात सापडली. ती लोकांना ऐकवायची, मग आम्ही त्यात काय काय बदल केले ते सांगायचं. पण घरात टेपरेकॉर्डर नाही. निशिगंधा म्हणाली, बाबा, फोनवर सगळं मिळतं. तिला पुरावा आणि गाणं यांतला फरक कळत नाही.
आठवण झाली की कॅसेट सुलतान बाजारात खाजाभाईंकडे भरून घेतली होती. त्या काळी मूळ रेकॉर्ड कुणाकडे असायची? खाजाभाईंकडे यादी द्यायची, ते कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचे. सोमवारी जाणार. निशिगंधा स्कूटरवर सोडते म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी
गेलो होतो.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं आणि काचा. मुलगा चालवतो. खाजाभाई मागे खुर्चीवर बसलेले असतात. ऐंशी तरी असतील. कॅसेट हातात घेतल्याबरोबर स्वतःचं अक्षर ओळखलं. गिऱ्हाइकांना ऐकवायचा जुना टेपरेकॉर्डर एका फडक्याखाली होता, तो चालू केला. गाणं सुरू झालं.
अर्धा सूर खाली.
निशिगंधाने फोनवर मूळ गाणं लावून ताडून पाहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कॅसेटवर दुसरं कडवं संपलं आणि थेट चौथं आलं. मग सोलो सुरू झाला, रंगात आला आणि खाडकन थांबला. बाजू संपली होती.
खाजाभाई हसत सुटले. म्हणाले की साब, हमारी भरने की मशीन का मोटरच खराब था, जो भी भरो घर जाको आधा सुर नीचे बजता था. रेकॉर्डवर मध्ये चरा होता, सुई तिथेच अडकायची, म्हणून ते ती उचलून पुढे ठेवायचे. आणि कॅसेट साठ मिनिटांची, बँडवाल्यांची यादी एकच असायची, शेवटचं हे गाणं तिथेच कापलं जायचं. सगळ्या शहरातले बँडवाले इथूनच भरून न्यायचे, सुधीरबाबूसुद्धा. सगळे तसंच वाजवायचे. मी विचारलं, कुणी तक्रार कशी केली नाही? तर म्हणाले, किसीने बोलेइच नई, सब खुश थे.
चहा पाजला. साखर होती, नाही म्हणता आलं नाही.
घरी आल्यावर कॅसेट पुन्हा बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

१८ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. यावरून इतकंच सिद्ध होतं की खाजाभाईंचं वय झालं आहे. शिवाय मशीन खराब असली तरी तसंच वाजवायचं की दुरुस्त करून वाजवायचं, हा निर्णय कलावंताचा असतो. तो मी घेतला होता. घेतला असणार.
दुपारी जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी होती, त्यामुळे असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार
हणमंतराव म्हणाले, एक तास फार होतो, आधी निबंध स्पर्धेची बक्षिसं आहेत, पंचवीस मिनिटांत आटपा. मी जगाचा भाग कमी केला. बीच बॉईज गेले. स्टोन्स एका वाक्यात.
निशिगंधा पडद्यावर दाखवायची चित्रं तयार करते आहे. शेवटचं पान तिने अक्षर लावत लावत वाचलं. मग म्हणाली, बाबा, यात खाजाभाई कुठे आहेत? मी सांगितलं, पंचवीस मिनिटांत सगळं बसत नाही. ती म्हणाली की मग सुधीरकाकांना तरी समोर बसवून हे वाचू नका. तिचं मराठी वाचन कच्चं आहे, शब्दांच्या छटा कळत नाहीत, असं मी म्हटलं. ती उठून गेली.
थकवा फार आहे. पण आता मागे हटलो तर अडतीस वर्षं मी काय करत होतो?

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
तयार. एकूण पानं अडीच. इस्त्रीचा शर्ट. खाजाभाईंचा उल्लेख नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४०
झालं.
माणसं चौदा. त्यातली पाच मधुमेहासाठी आली होती, फळ्यावरचा विषय बदललाच नव्हता. एका बाईंनी पहिल्याच मिनिटाला भाताबद्दल विचारलं.
सुधीर आधीच येऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता. डोक्यावर एक केस नाही. हातात काठी. मला बघून काठी टेकत उभा राहिला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि दिग्या म्हणाला. मला दिग्या म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मी नमस्कार केला आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.
शेवटचं पान वाचलं. डेक्कन थंडरने जे वाजवलं ते सगळं आधी ग्रॅनाइट्सचं होतं, त्यांनी ते न सांगता घेतलं, असं मोठ्याने वाचलं. निशिगंधा मान खाली घालून लॅपटॉपकडे बघत होती. सुधीर मात्र माझ्याकडे बघून मान डोलावत होता.
मग अध्यक्षीय समारोप. तो उठला आणि म्हणाला की दिगंबर सांगतो ते शंभर टक्के खरं आहे. आमच्या वर्गात पहिली गिटार त्याने हातात घेतली, आम्ही जे शिकलो ते त्याचं बघून शिकलो, आणि हे लोकांसमोर सांगायची संधी मला आज मिळाली. टाळ्या झाल्या. हणमंतरावांनी आभार मानले आणि पोहे बाहेर आहेत असं सांगितलं. लोक उठले.
इतकी वर्षं मला हेच वाक्य हवं होतं. ते मिळालं, दोन मिनिटांत, आणि ते खोटं होतं.
बाहेर बाकावर दोघं चहा घेत बसलो. तो हळूच म्हणाला, खाजाभाईची मशीन बिघडलेली होती हे तुला कळलंच असेल ना, मला अठ्ठ्याऐंशी सालीच कळलं. मी विचारलं, मग आत तसं का बोललास? तो म्हणाला, इतक्या वर्षांनी आदिलाबादहून परत आलास, पहिल्याच दिवशी चार लोकांत तुला कशाला खाली बघायला लावू?
मला काही कळेना. आदिलाबाद?
मग त्यानेच सांगितलं. कॉम्पिटिशननंतर त्या उन्हाळ्यात तो तीनदा आमच्या घरी आला होता. तिन्ही वेळा आईने दारातूनच सांगितलं की दिगूला आदिलाबादला सिंचन खात्यात नोकरी लागली, तो तिकडेच असतो. त्याने तिथल्या सिंचन ऑफिसच्या पत्त्यावर दोन पत्रंही टाकली. उत्तर आलं नाही, तेव्हा तू कामात असशील, लग्न झालं असेल, असं समजून गप्प बसलो म्हणाला. हणमंतरावांकडून नाव ऐकलं तेव्हा वाटलं, रिटायर होऊन आला वाटतं.
तसं सांगायला आईला मीच सांगितलं होतं. दोन-चार दिवसांसाठी. त्याला जरा जाणीव व्हावी म्हणून. नंतर ते खरं सांगायला मी तिला सांगितलं नाही, आणि तो का येत नाही म्हणून त्याच्यावर चिडून बसलो. आदिलाबाद मी अजून पाहिलेलंही नाही. सांगून टाकावं असं मनात आलं. त्याचं घर आमच्या काचीगुड्याच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.
चहा संपत आला होता. सुधीर कप खाली ठेवून माझ्याकडे वळला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, आदिलाबादला थंडी फार म्हणतात, एवढी वर्षं काढलीस कशी?
मी म्हटलं, हौ, फार थंडी. सवय होते.