पपनसाच्या बुंध्याशी

१२ ऑगस्ट
झालं एकदाचं! थिनदादानं पपनसाभोवती विटांचं गोल कडं बांधलं, गुडघाभर उंच, आत काठोकाठ माती. डिझाइन माझं — कडेनं झेंडू, आत नेचे. पुढच्या महिन्यात अंगणात कॉफीची टेबलं लागणार. दादा म्हणतो, "अख्खं ह्वे शहर इथं फोटो काढायला मरेल बघ."

१३ ऑगस्ट
बाबा खिडकीतून झाडाकडे बघतात आणि डाव्या हातानं खाट बडवतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही. आई म्हणाली, "पाणी हवंय." पाणी थुंकलं. दादा — "अगं, टाळ्या वाजवतायत ते!"

१९ सप्टेंबर
बडवणं चालूच. आज पेजेची वाटी उडवली. आई ओरडली, "बोलता येत होतं तेव्हा तरी कुठं धड बोललात!" मग चुलीपाशी जाऊन रडली.
झेंडू मात्र काय फुललाय!

२७ ऑक्टोबर
नुसता पाऊस. गिऱ्हाईक नाही. पपनसाची पानं पिवळी, फळं कच्चीच गळतायत. दादानं आणखी खत ओतलं.

२८ ऑक्टोबर
बाबांनी माझं मनगट धरलं. मग पांघरूण ओढून स्वतःच्या नाकातोंडावर दाबलं. डोळे खिडकीबाहेर.
कळलं. बुंधा पुरलाय आम्ही!
पावसात धावले, हातांनी माती उपसली. साल बोटांसरशी सुटून आली. आंबूस वास.
"वेड लागलं का क्वेन? उद्या लोक येणारेत!"
"दादा, झाड गुदमरतंय! बाबा तेच सांगत होते!"
तो वळून घरात गेला. मग पहार घेऊन आला. कडं त्यानंच फोडलं.

९ नोव्हेंबर
एका फांदीला हिरवं टोक!! आईनं बाबांना टेकवून बसवलं, दाखवलं.

३ डिसेंबर
टोक वाळलं. फांदी नखानं खरवडली — आत तपकिरी. बुंधाही तसाच.
बाबा आता बडवत नाहीत. हे जास्त वाईट.

५ डिसेंबर
घरातलं माणूस गेलं की आम्ही कपाळाला पांढरी पट्टी बांधतो, त्याच्या झाडांनाही बांधतो. आज बाबांनी खुणेनं पांढरं फडकं मागितलं. मी झाडाकडे निघाले. मागून खाटेवर धाडकन हात! ते स्वतःच्या कपाळाला बोट लावत होते.
आई — "असलं अभद्र नको! आणि थोरली माणसं धाकट्यासाठी कधी बांधतात का?"
दादा हळूच म्हणाला, "आई, झाड आजोबांनी लावलेलं. तेच थोरलं."
मी त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली. मग त्यांनी उरलेलं फडकं उचलून दादाकडे बोट केलं. मग माझ्याकडे.