तवंदी घाट उतरताना भरणाऱ्या टाकीबाबत

प्रति,
मे. पेट्रोल कूपन अंमलदार साहेब,
कूपन वाटप कचेरी, यांचे सेवेशी

विषय : मोटारसायकलची टाकी आपोआप भरत नसल्याबद्दल खुलासा व एक गॅलनचे कूपन मिळणेबाबत.
संदर्भ : कचेरीचा नकार, दि. ६ ऑक्टोबर १९४३.

महोदय,

अर्जदार पारिसा देवगोंडा मगदूम, राहणार निपाणी, सादर करतो की, त्याची पत्नी सौ. तारामती ही शिकलेली सुईण असून घाटमाथ्यावरच्या वाड्यांतील बाळंतपणे तीच करते. तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेणे-आणणे हे अर्जदाराचे काम.

१. गाडीला पेट्रोलचा काटा मुळात नव्हता. अर्जदार टाकी हलवून, कान लावून अंदाज घेत असे. कचेरीतील कारकून आण्णाप्पा यांनी "कानाचा हिशेब सरकारात चालत न्हाय, काटा बसवा," असे सांगितल्यावरून त्याने मोडीतल्या लॉरीचा काटा मिस्त्रीकडून बसवून घेतला.

२. हा काटा घाट चढताना शून्यावर येतो व उतरताना टाकी भरलेली दाखवतो. मैलांच्या वहीत काटा दाखवील तेच लिहावे, असा हुकूम होता. अर्जदाराने तसेच लिहिले. त्यामुळे वहीप्रमाणे गाडी जाताना सव्वा गॅलन खाते व येताना दीड गॅलन घेऊन येते. गेल्या महिन्यात दहा फेऱ्यांत एकशे ऐंशी मैल धावून पेट्रोल अडीच गॅलन वाढले. आण्णाप्पांनी बेरीज दोनदा तपासली. ती बरोबर आहे. "तुमची गाडी दुभती हाय की वो आप्पा, कूपन कशाला पायजे?" असे म्हणून त्यांनी नकाराचा शिक्का मारला.

३. वस्तुतः टाकी कोरडी आहे. मंगळवारी गाडी घाटाच्या मध्यावर बंद पडली. काटा शून्यावर होता, पण तिथे तो रोजच असतो, म्हणून अर्जदाराने मनावर घेतले नाही. तारामती पिशवी घेऊन चालत पुढे गेली. जाताना "तुम्ही काट्याकडं बघत बसा, मी बाळंतिणीकडं बघते," एवढेच बोलली. तेव्हापासून अर्जदाराला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठून तो टाकी हलवतो. आवाज येत नाही.

४. फेरविचारास पंधरा दिवस लागतात, असे कळते. घाटमाथ्यावरील मालुबाई यांना आज पहाटे कळा सुरू झाल्या असून मूल आडवे आहे. पंधरा दिवस थांबता येईल का, अशी रीतसर विचारणा केली असता त्यांचे यजमान गाडी पंपाकडे ढकलू लागले.

तरी कूपन आत्ताच द्यावे. काट्याविषयी शंका असल्यास साहेबांनी स्वतः मागे बसून घाट पाहावा. मात्र तारामतीला पोचवून आल्यावर. अर्ज घेऊन येणारे रवळू हेच ते यजमान. ते नऊ मैल पळत आले आहेत. त्यांना 'उद्या या' म्हणू नये. मराठीत नको आणि कानडीतही नको. तारामती पायी निघाली आहे, व तिला घाटाच्या पायथ्याशी तरी गाठायचे आहे.

पंपापाशी टाकीचे झाकण उघडून उभा असलेला,
पारिसा देवगोंडा मगदूम
निपाणी, दि. ११ ऑक्टोबर १९४३

सोबत : १) मैलांची वही. २) सदर काटा, उपटून.