दोन किलो वाळू

योएन्सू,
१२ मे १९९४

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. इथल्या तळ्यावरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटला. तुमच्या गावाकडे अजून असेल. तुझा गुडघा कसा आहे? तुओमोचं शाळेतलं शिकवणं महिनाअखेर संपेल, मग नवरा दिवसभर घरीच.

तुओमोने तुला तार केलीच होती. चोवीस एप्रिलला, सकाळी सव्वानऊला मुलगी झाली. दोन किलो आठशे दहा ग्रॅम. तू म्हणशील, "माझी तर चारही चार-चार किलोची होती." म्हण, खुशाल म्हण. पण मला इथवर यायला काय काय लागलं ते तार सांगत नाही. म्हणून लिहिते आहे. चार दिवस झाले, रोज कागद काढते आणि परत ठेवून देते.

नाताळात तू भात भरलेल्या, लोणी लावलेल्या पिरक्कांचा डबा घेऊन आलीस तेव्हा मला सहावा महिना लागला होता आणि वजन जेमतेम दोन किलो वाढलं होतं. मला त्याचा अभिमान होता, आई. बाळ पोटात आणि कंबर अजून जागच्या जागी! रोज सकाळी चालायला जायचे, दुपारी कोबी आणि ताक. तू ताटात तिसरी पिरक्का वाढलीस, म्हणालीस, "आता दोन जिवांचं खायचं, ईरिस," आणि मी ते बोलले.

"बाबांना खाऊ घालून मारलंस, आता माझ्यावर आलीस का?"

तू कोट चढवलास. दारात एवढंच म्हणालीस, "डबा तेवढा परत पाठव." चारची बस पकडून गेलीस.

बाबा हृदय बंद पडून गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच हिवाळ्यात गावच्या सभागृहात त्या पांढऱ्या कोटातल्या बाई आल्या होत्या, आठवतं? लोणी सोडा, दूध पातळ प्या, नाहीतर हृदय बंद पडेल. तू मागच्या बाकावर होतीस. मी पुढे बसून एकेक शब्द गिळत होते. तेव्हापासून आपल्या घरातली लोण्याची बरणी मला बंदुकीसारखी दिसायची. एकवीस वर्षं हे मी मनात धरून होते आणि कुणाला बोलले नव्हते. नाताळात एकदम तोंडातून बाहेर आलं.

आता पुढचं. हे तुओमोलाही उशिराच कळलं.

जानेवारीत सुईण राइया कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "वजन वाढलं पाहिजे." मी खाणं वाढवलं नाही. पळताना घोट्यांना बांधायच्या वाळूच्या पट्ट्या माझ्याकडे होत्या, एकेक किलोच्या. तपासणीच्या दिवशी त्या सैल स्वेटरखाली कमरेला गुंडाळल्या आणि काट्यावर उभी राहिले. राइया खूश झाली. मला वाटलं, जिंकले.

फेब्रुवारीत तिने पोटावर टेप लावली. पुन्हा लावली.

"काटा एक सांगतोय आणि टेप भलतंच," ती म्हणाली. मग कुशीवर वळवायला तिने माझ्या पाठीखाली हात घातला आणि तो पट्टीवर पडला. "हे काय गं?"

मी रडायलाच लागले. ती ओरडली नाही. स्टूल ओढून बसली.

"कुणाला फसवतेस? मी घरी जाऊन छान झोपेन. पण त्या आतल्या पोराला काटा कळत नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. सभागृह, बरणी, बाबा, नाताळ. तिने विचारलं, "वडील सिगारेट ओढायचे?"

"दिवसाला दोन पाकिटं."

"आणि खापर आईवर फोडलंस?"

ती पुढे म्हणाली, "ती भाषणं चाळिशीच्या लाकूडतोड्यांसाठी होती. पोटातल्या बाळासाठी नव्हती. आणि आईला सांग, दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नाही. थोडं जास्त, पण रोज."

त्याच दुपारी तिने मला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानाने लहान दिसलं. आठ दिवस तिथे ठेवून घेतलं. तुओमो पलंगाशेजारी बसून पट्ट्या हातात घेऊन नुसता बघत राहिला. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" कारण मलाच ते खोटं वाटत नव्हतं, आई. मला ती तब्येत सांभाळणं वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी लापशीवर लोण्याचा गोळा आला. मी तो वितळेपर्यंत पाहत बसले. मग खाल्ला. काहीही झालं नाही! इतकी वर्षं ज्याला घाबरले ते नुसतं चविष्ट होतं. पुढे प्रत्येक तपासणीत बाळ थोडं थोडं वाढत गेलं आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." बाहेर येऊन आम्ही दोघं बर्फात उभं राहून वेड्यासारखे हसलो.

ती आता अंगाने भरते आहे. मांडीवर वळी पडली आहे, पहिलीच.

बाबांना तू मारलं नाहीस. नाताळात बोललेलं मी तोंडात परत घालू शकत नाही, पण निदान हे लिहून देते आहे. ते जिवंत असते तर तुझी माफी मागायला त्यांनी मला पायी पाठवलं असतं.

ही माझ्यासारखीच अधीर आहे. मी पहिला घास घेतला रे घेतला की रडायला लागते. तुओमो शाळेत असतो. मी शांतपणे जेवेन तोवर तिला कुणीतरी धरायला हवं.

ये ना.

तुझी भुकेली मुलगी,
ईरिस