लाखीची पावडर

१२ जुलै, शनिवार
बाबांचा व्हिडिओ कॉल. लाखी पहाटे बसली ती आपली आपण उठेना. शेजारच्या दोघांना बोलावून उठवली. सत्तावीस वर्षांची घोडी, पुढचे दोन्ही गुडघे गेलेले. बाबा नाशिकच्या रायडिंग क्लबात शिकवायचे तेव्हा मीही हिच्यावरच शिकले. क्लबानं म्हातारी म्हणून काढली, तेव्हा बाबांनी घरी आणली, मागच्या अंगणात पत्रे टाकून.
सांध्यांची पावडर चार महिने चालू आहे. इथून, परदेशातून, मी दोन डबे पाठवले, दुसरा तर ऑफिसातल्या एकाच्या सामानात कोंबून. फरक शून्य. डॉक्टर आधीच म्हणाले होते, काहींना लागू पडते, काहींना नाही. आमचंच नशीब फुटकं.

१६ जुलै
तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंग. लक्ष नव्हतं. लाखीचे दात झिजलेत, त्यामुळे गवत चघळून गोळे थुंकते म्हणे. बाबांना लिहून पाठवलं: कोंडा नि लसूणघास बारीक चिरून, भिजवून, दिवसातून चारदा थोडं थोडं. गूळ पावडर लपवण्यापुरताच.
उत्तर आलं: "मला शिकवतेस?"
बरोबरच आहे म्हणा.

२० जुलै, रवि.
सईचा रायडिंगचा क्लास. ती आत, मी कुंपणाशी. एका म्हाताऱ्या घोड्याच्या मानेत नाक खुपसून उभी राहिले. तोच वास, घाम नि गवत. भर दुपारी रडू फुटलं, सनस्क्रीन डोळ्यांत. लेक तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणते, "आई, पीपल लुकिंग लाह."
पासिर रिसला घरी येईपर्यंत मेट्रोत एकच डोक्यात. मला लाखी हवीय. बाबा हवेत. दिवाळीला जायचंय, पण तोवर थांबवत नाही आता.

२६ जुलै
सापडलं! बाबा फोन हातात घेऊन चष्मा शोधत होते, मागं काचेचं कपाट दिसलं. आत माझे दोन्ही डबे. दुसऱ्याचं सील तसंच.
"बाबा, रोज दोन चमचे देताय ना?"
"अर्धा. सोमवारी आणि गुरुवारी."
"का?"
"परदेशातलं औषध. पुरवून पुरवून वापरायला नको?"
ओरडले. नको तेवढं. घोडीला उठवत नाही आणि तुम्ही डबे शोकेसमध्ये मांडून ठेवलेत!  बाबा हळूच, "संपलं की इथं तुझं काय राहतं गं?"
 फोन ठेवला.

२७ जुलै
मागच्या खेपेची चॉकलेटंही त्याच कपाटात असणार. आणि त्याआधी पाठवलेला टॉवेल. मी आपली पाठवतेय, ते आपले जपतायत.
माफी मागितली. "सोड गं," म्हणाले. आजपासून पूर्ण मात्रा, कॅमेरा चालू ठेवून, माझ्या डोळ्यांसमोर. लाखीनं घमेल्यात तोंड घातलं, नाकपुड्या पांढऱ्या झाल्या. बाबांनी बाहीनं पुसल्या. किती वाळलेत ते.

१४ ऑगस्ट
आज लाखी दुसऱ्या प्रयत्नात आपली आपण उठली. पावडरीनं की भिजवलेल्या कोंड्यानं, कोण जाणे. बाबा खूष. डॉक्टर नाहीत. म्हणाले, थंडी सुरू झाल्यावर बसली तर मी काही सांगू शकत नाही. दिवाळी म्हणजे थंडीची सुरुवातच की.
मॅनेजरकडे सप्टेंबरात आठ दिवस मागितले. "आफ्टर गो-लाइव्ह, कॅन?" नवी सिस्टिम सुरू करायचं हे गो-लाइव्ह दोनदा पुढं गेलंय.
सईचं एकच, "जस्ट गो लाह, आई."

१७ ऑगस्ट, रवि.
बाबांना एवढंच सांगितलं की रजा मागितलीय, मिळालेली नाही.
"मी तिला सांगून टाकलं."
"कुणाला?"
"लाखीला. तू येतेयस म्हणून."
"अहो बाबा, अजून नक्की नाही!"
"आता सांगून बसलो ना. खोटं नाही बोललो कधी तिच्याशी."
तिकिटाचं पान उघडलंय. नाव, पासपोर्ट नंबर, सगळं भरून झालं. अजून बटण दाबलेलं नाही.