खुर्चीतली सळसळ

५ मार्च २०१९, मंगळवार.
आज खुर्ची आली. बीडहून, टेम्पोतून. मरून कपडा, जाड फोम, दोन्ही बाजूंना गुबगुबीत हात. दूध सोसायटीचा चेअरमन झाल्यावर माझा पहिला निर्णय हाच. आधीचे चेअरमन विठ्ठलराव बावीस वर्षं पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि दिवाळीत त्याच खुर्चीवर गेले. माणूस कामाचा, पण टेस्ट नव्हती. समोर त्यांचा फोटो आहे. बघतात सारखे.
नव्या खुर्चीत पहिली सही केली. चारा छावणीचा प्रस्ताव, मुदत पंधरा तारीख. प्रस्ताव खुर्चीच्या हातावर ठेवला आणि डोळे मिटून पाच मिनिटं दुष्काळावर विचार केला. उद्या स्वतः बीडला जाणार, तसं ऑफिसात सांगूनही टाकलं.

६ मार्च.
काल विचार संपला तेव्हा साडेपाच वाजले होते. प्रस्ताव खुर्चीच्या हातावर नव्हता. आज शिपाई रामहरी रजेवर. म्हणजे तोच घेऊन बीडला गेला. न सांगता! असा स्टाफ पाहिजे.
एक बारीक गोष्ट. डावीकडे रेललं की सळसळ होते.

८ मार्च, दुपारी १.
पुन्हा सळसळ. विठ्ठलराव असेच कागद चाळायचे. मी भीत नाही. फोटोला हार घातला, एवढंच.

११ मार्च.
रामहरी रजेवरून आला. पोच मागणार होतो, पण चेअरमनने शिपायाच्या मागे लागणं शोभत नाही.
सोसायटीला दूध घालणारी चतुराबाई आली. म्हणाली, चेअरमन, छावणी कवा व्हायची? ढोरं उठंनात आता. मी सांगितलं, प्रस्ताव बीडला आहे, वरून उशीर होतोय. सांगताना डावीकडे रेललो. मोठ्याने सळसळलं. तिनेही ऐकलं. फोटोकडे बघून म्हणाली, विठ्ठलराव गेलेच न्हाईत अजून. माझ्या अंगावर काटा आला. एसी बसवायला हवा.

१४ मार्च.
खुर्चीखाली लिंबू ठेवलं. मी स्टुलावर बसतो. पाठीला चांगलं असतं म्हणे.
घरी सत्यभामा म्हणाली, तांबडीच्या बरगड्या दिसाया लागल्या, छावणी न्हाई आली तर मी तिला घिऊन युसूफ वडगावला जाते, तितं होणार हाय म्हणं. बायकोला प्रोसेस कळत नाही.

१९ मार्च.
काल मंजूर छावण्यांची यादी लागली. युसूफ वडगाव आहे. आपण नाही. सरळ राजकारण! निषेधाचा ठराव मांडणार.
सत्यभामा पहाटेच तांबडीला घेऊन चालत गेली. छावणीत जनावरांजवळच राहावं लागतं. दुरडीत एकच भाकरी होती, कालची.

२० मार्च, सकाळी ११.
खुर्ची बनवणाऱ्या ख्वाजाला बीडहून बोलावलं. सगळं सांगितलं, विठ्ठलरावांसकट. तो हसला नाही. गादी आणि डाव्या हाताच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. म्हणाला, सायब, भूतबित काय न्हाई, कागद हायत.
छावणीचा प्रस्ताव. चुरगळलेला. खाली माझी सही, झोकदार.
रामहरी दारात उभा होता. म्हणाला, तुमीच जाणार म्हणलते की बीडला. मला लाज वाटली. त्याच्याकडे बघवेना म्हणून वर बघितलं, तर विठ्ठलराव.

दुपारी ४.
खुर्चीत बसलो. डावीकडे रेललो, उजवीकडे रेललो. आवाज नाही. आता जास्त भीती वाटते.
पंधरा दिवस वाटत होतं, विठ्ठलराव इथंच आहेत. नव्हते. असते तर प्रस्ताव सहा तारखेलाच बीडला पोचला असता.