जनरलच्या खुर्चीवरचं काटेरी बोंड

प्रिय रोझमंडताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा स्वभाव दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इथे काहीच ताळ्यावर नाही. बाबांना निदान महिनाभर तरी तुझ्याकडे घेऊन जा. मी हात टेकले.

आई गेल्यापासून बाबा ‘हं’पलीकडे बोललेले नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. (फोनवर तुला वाटतं, लाइन तुटली.) म्हणून एका रविवारी त्यांना हॅल्बरीला नेलं. जनरल पेनरडॉक यांच्या त्या जुन्या हवेलीत, आता संग्रहालय झालेल्या, मी दर रविवारी पाहुण्यांना फुकटात माहिती सांगतो आणि यंदा मुख्य मार्गदर्शक होण्याची आस लावून होतो. होतो! तिथे जनरलसाहेबांच्या खुर्चीवर वाळकं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. (पाहुण्याला ‘बसू नका’ म्हणणं आपल्यात असभ्य, त्याच्या बुडाखाली काटे ठेवणं सभ्य.) मी लोकांना जनरलच्या हरलेल्या लढाईचा नकाशा समजावत होतो. मागे वळून बघतो तर बाबा खुर्चीत, पाय पसरून, आणि बोंड कोटाच्या काजात खोवलेलं, पदकासारखं!

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात सहलीतल्या एका बाईंनी, त्यांना जनरलच्याच घराण्यातले समजून, विचारलं, “काय हो आजोबा, एवढी फौज असून हरलात कसे?”

“नकाशा कायम बायकोच्या मांडीवर असायचा,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी ती नव्हती.”

सगळे पोट धरून हसले. मला हसता आलं नाही. (आपली जुनी मोटार, शेजारी आई, हातात नकाशा, तोही उलटा. तुला आठवत असेल.) मग बाबांनी अख्खी लढाई सांगितली. तोफा, चिखल, मध्येच बर्मिंगहॅमचा बस डेपो. (जन्मभराची ड्रायव्हरकी जाते कुठे!) लोक हलेनात. व्यवस्थापिका मिसेस ऑग्डन तरातरा आल्या, तेव्हा वाटलं, आता नारळ मिळणार. मिळाला, पण मला. बाबांना दर रविवारची खुर्ची, आणि मी दारात ओल्या छत्र्या सांभाळायला. जनरलचं चरित्र घोकून घोकून डोळे गेले, त्याचं हे फळ!

तरी लवकरात लवकर येऊन त्यांना घेऊन जा, ही कळकळीची विनंती.

तुझा हताश भाऊ,
लायनेल

ता. क. रविवारी मात्र येऊ नकोस, बाबांना सुट्टी नसते. शनिवारीही नको, त्या दिवशी ते बूट चमकवत बसतात.

आणखी एक ता. क. आईची निळी उशी तू नेलीस ना, ती पोस्टाने पाठव. खुर्ची फार टणक आहे, असं बाबा काल जेवताना म्हणाले. आपणहून, ताई. अख्खं वाक्य.