रविवारचा सामना

डब्लिन, ४ जून १९८४

ती. ऑलिव्हताईस डेरेकचा सा. न.

बातमी अशी आहे की पोस्टमनला तू चहा पाजशील. पुन्हा आयर्लंडच्या संघात निवड झाली! २४ तारखेला इथेच, डब्लिनला, परदेशी पाहुण्यांशी एक दिवसाचा सामना आहे. नवा चेंडू मीच टाकणार.

चार वर्षं देशाकडून खेळतोय, पण बाबांनी मला एकदाही पाहिलेलं नाही. सामने कायम ग्लासगोला नाहीतर वेल्सला, आणि घरी गाई. आता जवळ आलाय, तर नेमका रविवारी. मणक्याला चीर आहे, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात, हा उन्हाळा शेवटचा. ताई, त्यांनी एकदा मला त्या हिरव्या टोपीत पाहावं, एवढंच हवंय गं. तू विचारशील? बाबा घरात फोन बसवू देत नाहीत, आणि माझ्या पत्राला ते ताकास तूर लागू देणार नाहीत.

तुझाच,
डेरेक

स्ट्रबेन, ९ जून

प्रिय डेरेक, अनेक आशीर्वाद.

आज विचारलं. मी उद्याच्या रविवारचे बटाटे सोलत होते, बाबा बुटांना पॉलिश करत होते. म्हणाले, देवानं सहा दिवस दिलेत, ते या क्रिकेटवाल्यांना पुरत नाहीत का? मग तोच बूट पुन्हा पुसत बसले.

अरे, रविवारी कुणी खेळू नये म्हणून हा माणूस शनिवारी संध्याकाळी गावच्या मैदानावरचा रोलर साखळीनं बांधून किल्ली खिशात घालतो. बागेतल्या झोक्यांनाही यांचंच कुलूप. रविवारी गोठ्याच्या भिंतीवर सलगम फेकत होतास म्हणून तुला उपाशी निजवलं होतं, विसरलास? वर चर्चच्या कारभारी मंडळात इतकी वर्षं मान. तेव्हा आशा धरू नकोस. फक्त एक सांगते, पेपरातली संघाची यादी कुणीतरी कापून नेली आहे, आणि घरात कात्री वापरणारे आम्ही दोघंच.

नीट जेव. लोभ आहेच.
ऑलिव्ह

स्ट्रबेन, १५ जून

चि. डेरेक यास आशीर्वाद.

ऑलिव्हनं तुझा निरोप सांगितला. मी येणार नाही. देवाचा दिवस तो देवाचा. तू खेळतोस, ते तुझं तू आणि तो बघून घ्या. ज्या माणसानं साऱ्या गावाला साखळी घातली, त्यानंच ती तोडली तर उद्या कोण ऐकेल?

पाळक विचारत होते, मुलगा कसा आहे. बरा आहे म्हणालो. गाय व्याली, कालवड झाली. कंबरेला गरम विटेचा शेक दे, तुझी आई मला देत असे.

सॅम्युएल कोल्हून

डब्लिन, २२ जून

ती. ताईस सा. न.

संपलं. काल, गुरुवारी, सरावात तिसराच चेंडू टाकला आणि मागून कुणी काठी मारल्यासारखा कोसळलो. मला उचलून नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, चालता येतंय यात समाधान मान. चेंडूला हात लावायचा नाही, कधीच. माझ्या जागी दुसरा घेतला.

बाबा येणार नव्हते, ते एका अर्थी बरंच झालं. त्यांना सध्या सांगू नकोस. मी खेळलो असंच समजू देत. ताई, मला फार रडू येतंय. इथे कुणासमोर रडायचं?

डेरेक

स्ट्रबेन, २६ जून

प्रिय डेरेक,

काय लिहू, बाळा? तुझं पत्र काल पोचलं. आणि बाबा शनिवारीच गेले होते रे!

सकाळी पाळकांकडे जाऊन मंडळाचा राजीनामा दिला, रोलरची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दुधाच्या लॉरीतून डब्लिनला गेले. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस, त्यालाही नको. रविवारी चर्चचा काळा सूट घालून मैदानाच्या पार टोकाला बसले. तू दिसेनास. त्यांना वाटलं, तुला उशिरा चेंडू देणार असतील. शेवटच्या चेंडूपर्यंत बसून राहिले. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर आपण कोण ते सांगावं लागलं असतं, आणि दिवस रविवार होता. तुला संघातून काढलं असेल, उगाच तोंड कशाला दाखवायला लावा, म्हणून तुझ्या खोलीवरही आले नाहीत.

काल परतल्यावर मी सगळं सांगितलं. पांढरेफटक पडले. म्हणाले, हे माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, अहो बाबा, कंबर गुरुवारी गेली, तुम्ही निघालात शनिवारी! तेव्हापासून जेवत नाहीत. तूच दोन ओळी लिही त्यांना.

ताई

स्ट्रबेन, २ जुलै

चि. डेरेक यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. काल, रविवारी, आलं असतं तरी फोडलं नसतं. तूही ऑलिव्हचंच म्हणणं लिहितोस, गुरुवार आणि शनिवार. तुम्ही दोघं हिशेबाला पक्के आहात.

पण जायचं मी बुधवारीच मनात ठरवलं होतं, गाई पिळताना. तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पण देवाला मन दिसतं.

पाळक राजीनामा परत घ्या म्हणतात. मी मागच्या बाकावर बसतो. यादीचं ते कात्रण चुलीत टाकलं. रविवारी माझ्यापुढे क्रिकेटचं नाव काढू नकोस, असं तुला लहानपणापासून सांगत आलो. आता कुठल्याच वारी काढू नकोस.

घरी ये. माया आहे, ती तेवढी राहू दे.

तुझा बाप